डुकरं कोण पकडणार?

मागच्या महिन्यात आमच्या हॉस्टेलची जनरल बॉडी मीटिंग झाली. विषय दोनच होते. पहिला, मेसचं बिल का वाढलं? आणि दुसरा, नवीन मेस कमिटीत कोण कोण येणार? पहिल्या विषयावर दीड तास चर्चा झाली. चर्चा कसली, नुसता आरडाओरडा! पोळ्या कच्च्या, वरणात पाणी, पनीर शोधायला भिंग लागतं वगैरे वगैरे. मग दुसरा विषय आला आणि हॉलमध्ये इतकी शांतता पसरली की पंख्याची घरघर ऐकू यायला लागली. एकही हात वर नाही. हात वर न करणाऱ्यांत मीही होते, हे आधीच कबूल करते.

आणखी एक गोष्ट घडली. मागच्या रांगेतून फर्स्ट इयरच्या एका मुलीने विचारलं, "रोज येणाऱ्या भाजीचं वजन कोण तपासतं?" लगेच आमच्यातल्या कुणीतरी ओरडलं, "फर्स्ट इयरने बोलायचं नाही!" ती खाली बसली. तिच्या प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही. कारण सरळ आहे, वजन कुणीच तपासत नव्हतं.

योगायोग म्हणजे त्याच आठवड्यात मी लायब्ररीत अमेरिकेतल्या जुन्या खेड्यांच्या कारभाराबद्दल वाचत होते. आपल्याला अमेरिकेचा इतिहास म्हटलं की बोस्टनच्या समुद्रात बुडवलेला चहा, जॉर्ज वॉशिंग्टन आणि डायरेक्ट लिंकन एवढंच आठवतं. शाळेत मीही तेवढंच घोकलं होतं. पण त्या चहाच्या कितीतरी आधी तिथली साधी शेतकरी माणसं आपलं गाव कसं चालवत होती, हे वाचताना मला सारखी आमची ती मीटिंग आठवत होती.

मॅसॅच्युसेट्समधलं डेडहॅम हे गाव घ्या. १६३६ साली इंग्लंडहून आलेल्या काही कुटुंबांनी ते वसवलं. गावाला त्यांना 'कंटेंटमेंट' म्हणजे 'समाधान' असं नाव हवं होतं, पण वसाहतीच्या सभेने डेडहॅम ठरवलं. घरं बांधण्याच्या सुमारासच त्यांनी काय केलं असेल, तर एक करार लिहिला आणि त्याखाली सह्या केल्या. आपसात भांडण झालं तर गावातल्याच दोन-तीन जणांनी ते मिटवायचं, ज्याला जमीन मिळाली त्याने गावाच्या खर्चाचा वाटा उचलायचा आणि गावाने केलेले नियम पाळायचे. पुढे नवीन येणारेही सही करत गेले आणि सह्यांची संख्या १२५ झाली. आपणही हॉस्टेलला ॲडमिशन घेताना फॉर्मवर सही करतो, पण तो फॉर्म आपल्यापैकी कुणी वाचलाय? त्यांनी तर तो स्वतः लिहिला होता!

कारभार चालायचा गावसभेत. प्रार्थनेसाठी जे लाकडी 'मीटिंगहाऊस' असायचं, तिथेच सभाही भरायची. शेजारच्या डॉर्चेस्टर गावाने १६३३ सालीच नियम केला होता की ठरलेल्या सोमवारी सकाळी आठ वाजता ढोल वाजला की सभेला जमायचं. गैरहजर राहिलं किंवा उशिरा आलं तर दंड, असेही नियम बऱ्याच गावांनी केले. म्हणजे अटेंडन्सची कटकट आपल्याच नशिबी आहे असं समजू नका.

आता कुणी म्हणेल, त्या लोकांना मीटिंगची हौस असेल. अजिबात नाही! ते आपल्याइतकेच कंटाळायचे. चार्ल्सटाउनच्या लोकांनी १६३५ साली, सारख्या सारख्या सभांचा त्रास होतो म्हणून, रोजच्या कामासाठी अकरा माणसं निवडून दिली. डेडहॅमने १६३९ मध्ये सात जण निवडले. अशा निवडलेल्या माणसांना पुढे 'सिलेक्टमन' हे नाव पडलं. पण ते दर वर्षी गावासमोर यायचे आणि गावाला वाटलं तर बदलले जायचे.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते मात्र पुढचंच. सिलेक्टमन निवडले आणि बाकीचे घरी जाऊन झोपले, असं नव्हतं. न्यू इंग्लंडमधल्या या गावांत छोट्या छोट्या पदांची भली मोठी यादी असायची. सभेचं इतिवृत्त आणि जन्ममृत्यूची नोंद ठेवणारा क्लार्क. कॉन्स्टेबल. रस्त्यांवर देखरेख करणारा. शेताची कुंपणं नीट आहेत का हे बघणारा. मोकाट गुरांसाठी कोंडवाडा सांभाळणारा. कातड्याचा दर्जा तपासून शिक्का मारणारा. आणि दुकानदाराची वजनं-मापं तपासणारासुद्धा! (ती फर्स्ट इयरची मुलगी आठवली ना?)

या यादीतलं माझं लाडकं पद म्हणजे 'हॉग रीव्ह'. मराठीत सांगायचं तर गावाचा डुक्कर-अधिकारी. डुकरं मोकळी सोडली की पिकं उकरायची. म्हणून त्यांच्या गळ्यात जोखड आणि नाकात कडी असली पाहिजे असा नियम होता. कुणाचं डुक्कर तसं नसेल तर ते पकडायचं आणि मालकाकडून दंड घ्यायचा. हे काम पुढे नवीन लग्न झालेल्या पुरुषांच्या गळ्यात थट्टेने घालायची प्रथा पडली. राल्फ वाल्डो इमर्सन हा एवढा मोठा विचारवंत, पण १८३५ मध्ये लग्न करून काँकॉर्ड गावात राहायला आला तेव्हा त्यालाही गावाने हॉग रीव्ह करून टाकलं! एवढ्या विद्वान माणसाला सूट नाही, मग आपण कोण लागून गेलो?

रस्त्यांचंही तसंच. वर्षातले ठरावीक दिवस धडधाकट पुरुषांनी कुदळ-फावडं घेऊन कामाला यायचं, नाहीतर बदली माणूस किंवा पैसे द्यायचे. कॉन्स्टेबलचं काम नाकारलं तर दंड बसायचा. कारण ते काम कुणालाच नको असायचं. शेजाऱ्याच्या दारात जाऊन कर वसूल करणं कुणाला आवडेल?

म्हणजे एखादा माणूस यंदा रस्त्यावर ओरडत असेल, तर पुढच्या वर्षी रस्ता त्याच्याच अंगावर पडण्याची शक्यता होती. मला वाटतं, यामुळे ओरडणं बंद झालं नसेल, पण ते मुद्द्याला धरून होत असेल. ज्याने एकदा कुंपणाचं भांडण सोडवलंय, तो दुसऱ्याच्या चुकांवर जरा विचार करून बोलतो.

आता आपल्या ब्रँचचा विषय. डेडहॅममधून चार्ल्स नदी वाहते, पण तिथे ती सपाट आणि संथ. पाणचक्की चालवायला उंचीचा फरक लागतो, तो तिथे नाही. पण थोड्या अंतरावर दुसऱ्या एका नदीला मिळणारा ओढा होता आणि त्याला चांगला उतार होता. मग १६३९ मध्ये गावाने ठरवलं की चार्ल्सपासून त्या ओढ्यापर्यंत चर खणायचा, तोही गावाच्या सामाईक खर्चाने. सुमारे ४,००० फुटांचा तो चर त्यांनी खणला आणि १६४१ मध्ये तिथे धान्य दळायची चक्की सुरू झाली. 'मदर ब्रुक' नावाचा हा कालवा आजही वाहतो आणि अमेरिकेतला माणसाने खणलेला सगळ्यात जुना कालवा म्हणून ओळखला जातो. ना टेंडर, ना मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन! १६४४ साली याच गावसभेने वर्षाला २० पौंड बाजूला काढून सरकारी खर्चाची शाळा सुरू केली. पुढे १६४७ मध्ये वसाहतीने कायदाच केला की ५० कुटुंबं असलेल्या गावाने शिक्षक ठेवलाच पाहिजे.

डुकरं, कुंपणं आणि चर. यात स्वातंत्र्य वगैरे मोठा शब्द कुठेच नाही. पण १७७४ मध्ये काय झालं बघा. चहाच्या प्रकरणानंतर चिडलेल्या ब्रिटिश पार्लमेंटने मॅसॅच्युसेट्ससाठी एक कायदा केला. त्यातलं एक कलम असं होतं की वर्षातून एकदा निवडणुकीसाठी सभा घ्या, बाकी कुठलीही गावसभा गव्हर्नरच्या लेखी परवानगीशिवाय भरवायची नाही. लंडनला बरोबर कळलं होतं की खरी गडबड कुठे शिजते. पण दीडशे वर्षं नियमावर बोट ठेवून सभा चालवणारे ते लोक! त्यांनी काय शक्कल लढवली असेल? कायदा नवीन सभा बोलवायला मनाई करत होता. मग बोस्टनने आधीची सभा संपवलीच नाही, नुसती तहकूब करत राहिले. अशाने तुम्ही दहा वर्षं एकच सभा चालवाल, असं गव्हर्नर जनरल गेजला वैतागून म्हणावं लागलं. सेलममध्ये तर त्याने ऑगस्टमध्ये सभा थांबवायला सैनिक पाठवले, पण ते पोचेपर्यंत सभा आटोपली होती.

पुढे राज्याची घटना करायची वेळ आली, तेव्हा १७७८ चा मसुदा गावागावांच्या सभांनी चक्क फेटाळला. नंतरचा मसुदा त्यांनी कलमाकलमावर चर्चा करून १७८० मध्ये मान्य केला. मॅसॅच्युसेट्समध्ये तीच घटना, दुरुस्त्यांसह, आजही लागू आहे. १८३१ साली अमेरिका फिरायला आलेला फ्रेंच लेखक तोकव्हील याला हेच जाणवलं. ज्ञानासाठी जशी प्राथमिक शाळा, तशी स्वातंत्र्यासाठी ही गावं, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. मला ते शंभर टक्के पटतं. क्रांतीची प्रॅक्टिस हॉग रीव्ह होऊन झाली, भाषणं नंतर आली.

असो. फार कौतुक झालं. आता दुसरी बाजू, कारण ती लपवली तर हा लेख म्हणजे नुसती जाहिरात होईल.

डेडहॅमच्या त्याच करारात असंही लिहिलं होतं की आपल्याहून वेगळ्या विचारांच्या माणसांना गावात घ्यायचं नाही. गरीब परका माणूस आला तर उद्या त्याला पोसावं लागेल या भीतीने त्याला गाव सोडायची नोटीस देण्याची पद्धत न्यू इंग्लंडभर होती. शेजारच्या नॅटिकमध्ये राहणाऱ्या मूळच्या रहिवाशांशी डेडहॅमने जमिनीवरून बरीच वर्षं भांडण केलं. शेवटी वसाहतीच्या सभेने नॅटिकची जमीन राखली, पण भरपाई म्हणून डेडहॅमला दुसरीकडे ८,००० एकर दिले. ती जमीनसुद्धा मूळच्या रहिवाशांच्याच मुलखातली! गुलामांना सभेत जागा नव्हती. आणि बायका? त्या घर, गोठा, शेत सगळं सांभाळायच्या, पण ढोल वाजला की नवरा सभेला जायचा.

हे किती काळ चाललं? कनेक्टिकटमधल्या ग्लास्टनबरी गावात ॲबी आणि ज्युलिया स्मिथ या सत्तरी ओलांडलेल्या बहिणी राहायच्या. गावाने त्यांचा कर वाढवला. मत देता येत नाही तर कर देणार नाही, असं त्यांनी १८७३ मध्ये सांगितलं. जानेवारी १८७४ मध्ये करवसुली अधिकारी त्यांच्या सात गायी घेऊन गेला. त्या वर्षी एप्रिलच्या गावसभेत ॲबीला बोलायची परवानगी नाकारली, तेव्हा ती बाहेर एका गाडीवर चढून बोलली. शंभर वर्षांपूर्वी ज्या मुद्द्यावर गावसभा इंग्लंडच्या राजाशी भांडल्या, तोच मुद्दा सांगणाऱ्या म्हातारीला गावसभेनेच बाहेर ठेवलं!

म्हणूनच माझं मत असं आहे की या गावांकडून दोन गोष्टी शिकाव्यात, आणि दोन्ही एकदम शिकाव्यात. एक, ज्याला बोलायचंय त्याने कामाची पाळी घेतलीच पाहिजे. आणि दोन, ज्याच्याकडून पैसे आणि काम घेता, त्याला बोलू दिलंच पाहिजे. पहिली विसरलो की आपल्यासारखी मीटिंग होते, दीड तास आरडाओरडा आणि मग पंख्याची घरघर. दुसरी विसरलो की ॲबी स्मिथ गाडीवर चढते. किंवा एखादी फर्स्ट इयरची मुलगी, जी सीनियर्सइतकंच मेस बिल भरते, ती खाली बसते.

"आम्ही इथे शिकायला आलोय, सबमिशन्स आहेत, परीक्षा आहेत, आम्हाला वेळ नाही" हे उत्तर मला माहीत आहे, कारण ते मीच देत होते. पण त्या शेतकऱ्यांना काय वेळ होता? पेरणी, कापणी, हाडं गोठवणारी थंडी. तरी पाळी आली की जात होते, बरेचदा कुरकुरतच. आणि हे काम शिक्षणाबाहेरचं आहे असंही मला आता वाटत नाही. उद्या आपण साइटवर, फॅक्टरीत किंवा सोसायटीत असेच चार अनोळखी लोकांबरोबर खर्च वाटून घेणार आहोत. तिथे कोण शिकवणार?

तेव्हा माझी रेक्टर मॅडमना आणि सगळ्यांना एक साधी सूचना आहे. मेस कमिटीसाठी हात वर होण्याची वाट बघू नका. प्रत्येक मजल्यावरून चिठ्ठी टाकून दोन-दोन जणी दर दोन महिन्यांनी बदला, त्यात फर्स्ट इयरलाही धरा. हिशेब नोटीस बोर्डावर लावा. आणि जिची चिठ्ठी निघेल तिने कुरकुर करावी, पण काम करावं.

चिठ्ठ्या सुरू होईपर्यंत मी माझं नाव दिलंय. सकाळी साडेसहाला भाजीचा टेंपो येतो, तेव्हा वजनकाट्यापाशी उभं राहायचंय. त्या फर्स्ट इयरच्या मुलीला मी बरोबर येतेस का म्हणून विचारलं. ती हो म्हणाली, पण तिने अट घातली की वहीत आकडे तीच लिहिणार. मी लगेच कबूल केलं!