शांत जिल्ह्याचा हिशेब



युद्धं आणि बंडं का होतात, शांतता कशामुळे टिकते, यावर जगातल्या विद्यापीठांत साठ वर्षांहून जास्त काळ अभ्यास चालू आहे. 1959 साली नॉर्वेतल्या ओस्लो शहरात योहान गाल्टुंग यांनी यासाठी खास संस्था काढली. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठात तर जगभरच्या सशस्त्र संघर्षांची वर्षवार नोंद ठेवतात. या सगळ्याशी आपला काय संबंध, असं पाड्यावरचं कुणीही विचारेल. संबंध आहे. कुठे लक्ष द्यायचं, कुठे पैसा टाकायचा, कुणाचं गाऱ्हाणं आधी ऐकायचं, हे सरकार 'अशांत भाग' आणि 'शांत भाग' या वाटणीवरूनही ठरवतं. जळगाव-धुळ्याचा आमचा सातपुडा 'शांत' या खान्यात बसवलेला आहे. ही शांतता आली कुठून आणि तिची किंमत कोण भरतं, हे कुणीतरी विचारायला हवं असं आमचं म्हणणं आहे.

उप्सालाचा नियम असा आहे की सत्ता किंवा मुलुख यावरून दोन बाजूंत हत्यारी लढाई झाली, त्यातली एक बाजू सरकार असली आणि वर्षभरात किमान 25 माणसं मेली, तर तो सशस्त्र संघर्ष म्हणून मोजायचा. मोजणी करायची तर कुठेतरी रेघ ओढावीच लागते, हे आम्हाला कळतं. पण रेघेच्या अलीकडे जे चालतं त्याचं काय? उभ्या पिकात गुरं सोडली, नांगर-बैल जप्त केले, दंडाची पावती फाडली, झोपडी मोडली, तर त्याची नोंद कोणत्या वहीत होते?

दुसरी मांडणी ऑक्सफर्डचे अर्थशास्त्रज्ञ पॉल कोलियर आणि त्यांच्या सहकारी आंके होफलर यांची. त्यांनी बऱ्याच देशांतल्या यादवी युद्धांचे आकडे तपासून 2004 साली जे लिहिलं त्याचा मथितार्थ असा: गाऱ्हाणी सगळीकडेच असतात, बंड मात्र सगळीकडे होत नाही. म्हणून गाऱ्हाण्यापेक्षा बंडाची सोय कुठे आहे ते बघा. पैसा कुठून येतो, रिकामी तरणी पोरं किती आहेत. त्याच सुमारास दुसऱ्या दोन अमेरिकन अभ्यासकांनी, फिअरन आणि लेटिन यांनी, डोंगराळ मुलुख आणि दुबळं सरकार यांवर बोट ठेवलं.

आता ही मापं आपल्याला लावून बघू. चोपडा, यावल, रावेर, शिरपूरच्या वरच्या अंगाला डोंगर आहे, जंगल आहे, लागूनच मध्य प्रदेशची हद्द आहे. गरिबी आहे. दिवाळी झाली की कोयता घेऊन उसाच्या फडावर जाणारी पोरं आहेत. पाड्यावर सरकार दिसतं ते बहुतेक फॉरेस्ट गार्डच्या रूपानं. या हिशेबानं इथे बंदूक असायला पाहिजे होती. ती नाही. का नाही, हा खरा संशोधनाचा विषय आहे.

आम्ही गरीब गाय आहोत म्हणून नाही, एवढं इतिहास सांगतो. 1818 साली खानदेश कंपनीच्या ताब्यात गेला आणि कॅप्टन ब्रिग्ज धुळ्याला येऊन बसला. त्यानंतर सातपुड्यातल्या आणि सातमाळ्यातल्या भिल्ल नाईकांनी कंपनीच्या फौजेला सात-आठ वर्षं दमवलं. घाट राखायचे, गाव राखायचे त्यांचे जुने हक्क बुडाले होते. फौजा डोंगरात गेल्या, नाईक मारले गेले, तरी बंड शमलं नाही. शेवटी 1825 साली धोरण बदललं. बंडवाल्यांना माफी दिली, कसायला जमीन दिली, बैल-बियाण्याला तगाई दिली, भिल्लांसाठी वेगळे एजंट नेमले. औट्रमने भिल्ल पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगावला होतं. हे काही कंपनीने दयेपोटी केलं नाही, आणि तीच पलटण पुढे आपल्याच माणसांवर चालवली. पण जे काम नुसत्या बंदुकीने झालं नाही त्यासाठी जमीन द्यावी लागली, हे इंग्रजांच्याच दप्तरात आहे.

तरी पुरता धडा कुणी घेतला नाही. 1857 च्या उठावात खाज्या नाईक आणि भीमा नाईक उभे राहिले. 11 एप्रिल 1858 रोजी अंबापाणीला मोठी लढाई झाली. तिच्यात आपल्या बायाही होत्या.

त्यापुढचं उदाहरण आपल्या आई-बापांच्या काळातलं आहे. शहादा तालुका तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. आदिवासींच्या जमिनी सावकारीत आणि खोट्या कागदांत गेलेल्या, मालक सालदार होऊन आपल्याच शेतात राबत होते. 1971 साली पाटीलवाडीला आदिवासींवर गोळी चालली. श्रीमंत शेतकऱ्यांनी पीक संरक्षणाच्या नावाखाली राखणदारांच्या टोळ्या उभ्या केल्या. म्हणजे हत्यार होतं, पण ते आपल्या हातात नव्हतं. त्याला उत्तर म्हणून अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांच्या साथींनी पाड्यापाड्यावर माणसं जोडली, 1972 साली श्रमिक संघटना उभी राहिली. मोर्चे निघाले, संप झाले, दारूचे गुत्ते बायांनी फोडले, गेलेल्या जमिनी लोकांनी परत मिळवल्या. पुढे आदिवासींच्या जमिनी परत देण्याचे कायदे राज्याला करावे लागले. जर्मन अभ्यासक मारिया मीस यांनी 1976 साली या लढ्यावर लिहिलं. शहाद्याच्या लढ्याची नोंद बाहेरच्या जगात गेली ती अशी.

आमचं उत्तर इथेच आहे. सातपुड्यात बंदूक नाही, कारण गाऱ्हाणं मांडायला दुसरी वाट लोकांनी स्वतः पाडली आणि ती पायी चालून चालून मोकळी ठेवली. 2006 चा वनहक्क कायदा आल्यावर लोक दावे भरायला बसले. ज्या दंडाच्या पावत्यांनी आपल्याला गुन्हेगार ठरवलं होतं, त्याच पावत्या अनेकांनी कब्जाचा पुरावा म्हणून दाव्याला जोडल्या. नोव्हेंबर 2018 मध्ये लोक संघर्ष मोर्चाच्या हाकेवर खानदेशातले आणि इतर भागांतले हजारो आदिवासी-शेतकरी ठाण्याहून चालत मुंबईच्या आझाद मैदानात गेले. 13 फेब्रुवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने नामंजूर दावेदारांना जमिनीवरून काढायचा आदेश दिला, तेव्हा देशभर लोक रस्त्यावर आले, सरकारला कोर्टात जावं लागलं आणि 28 तारखेला तो आदेश थांबला. काढून लावायची पाळी आली होती तेव्हाही लोक मोर्चात आणि कोर्टातच गेले. ही शांतता आपोआप आलेली नाही. ती कमावलेली आहे, आणि तिच्यासाठी मजुरी बुडवून तारखांना जावं लागतं.

आता सरकारचा हिशेब बघा. नोव्हेंबर 2010 मध्ये केंद्राने नक्षलग्रस्त आणि मागास अशा 60 जिल्ह्यांसाठी एकात्मिक कृती आराखडा मंजूर केला. एका जिल्ह्याला पहिल्या वर्षी 25 कोटी, दुसऱ्या वर्षी 30 कोटी. महाराष्ट्रातून गडचिरोली आणि गोंदिया घेतले. त्यांना मिळालं ते योग्यच झालं, तिथल्या भावांचा तो हक्क आहे. पण या वाटपातून पोरांच्या कानावर काय पडतं? गोळी सुटली की रस्ता येतो, अर्ज केला की पुढची तारीख येते. हा निरोप सरकारने देऊ नये. आम्ही धमकी देतो आहोत असं कुणी वाचू नये. गडचिरोलीत दोन्ही बाजूंनी मेलेल्यांत आदिवासी किती आहेत, हे बघूनच आम्ही बोलतो आहोत. आमच्या पोरांनी ती वाट धरू नये, म्हणूनच ही वाट बंद करू नका असं म्हणतो.

खरं तर सरकारला हे माहीत आहे. नियोजन आयोगाने नेमलेल्या डी. बंदोपाध्याय यांच्या तज्ज्ञ गटाने 2008 मध्येच सांगितलं की या अशांततेच्या मुळाशी जमीन, जंगल, विस्थापन आणि कारभारातला अन्याय आहे. बंदोपाध्याय म्हणजे पश्चिम बंगालमध्ये बर्गादारांची नावं कागदावर चढवणारे अधिकारी. आणि गाल्टुंग यांनी तर 1969 मध्येच लिहिलं होतं की गोळी न सुटताही हिंसा असते. त्यांनी क्षयाचं उदाहरण दिलं. औषध नव्हतं तेव्हा क्षयाने माणूस मेला तर ते दुर्दैव, पण औषध असताना त्याच्यापर्यंत पोचलं नाही म्हणून मेला तर ती रचनेतली हिंसा. तसंच आपलं आहे. कायदा नव्हता तेव्हा जमीन नावावर झाली नाही, ते समजू शकतो. कायदा असून फाईल प्रांत कचेरीत पडून राहते, ते काय आहे?

म्हणून काही गोष्टी स्पष्ट मागतो. दावा नामंजूर केला तर कारण लेखी आणि मराठीत द्या, आणि तो कागद दावेदाराच्या हातात पोचल्यावरच अपिलाचे 60 दिवस मोजा. ग्रामसभेने मंजूर केलेला दावा वर नुसता 'पुरावा अपुरा' एवढ्या शिक्क्यावर पाडू नका. आमच्यावर संशोधन करणाऱ्यांनी लिहिलेलं मराठीतून ग्रामसभेत वाचून दाखवावं आणि एक प्रत गावात ठेवावी.

आपल्या साथींना एकच काम सांगतो. प्रत्येक वनहक्क समितीने एक वही घालावी. दावा कधी भरला, मोजणी कधी झाली, कचेरीत किती खेपा झाल्या, किती दिवसांची मजुरी बुडाली, कुणी काय उत्तर दिलं, हे तारखेनिशी लिहावं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं शाळेतल्या पोरांनी लिहून घ्यावं. येत्या बैठकीला वह्या घेऊन या. शांत जिल्ह्याचा हिशेब आपण कलेक्टर कचेरीत मांडू.

जिंदाबाद!