निरोप पुढे जायलाच हवा

ऑगस्ट २०१९च्या महापुरात कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा नदी ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट. प्रयाग चिखली, आंबेवाडी, शिरोळची गावं वेढली गेली. अशा वेळी वीज जाते, बॅटरी संपली की मोबाईलचा टॉवर मुका होतो आणि त्याच्या आधारावरचे सगळे फोन एकदम निकामी होतात.

मेश जाळ्यात असा एकच आधार नसतो. ‘लोरा’ या लांब पल्ल्याच्या रेडिओचं छोटं यंत्र शेजारच्या यंत्राचा संदेश ऐकतं आणि पुढे पाठवतं. प्रत्येक संदेशाला ओळखक्रमांक असतो, म्हणून तोच निरोप पुन्हा आला तर यंत्र तो पाठवत नाही. निरोप किती यंत्रांतून पुढे जाईल ते टप्पेही ठरलेले असतात: ‘मेशटॅस्टिक’ या मेश प्रणालीत सहसा ३, फार तर ७. नाहीतर पुनरुक्तीनेच लहरी तुंबतील. यातून आवाज किंवा व्हिडिओ जात नाही, पण ‘छतावर सहा जण, बोट पाठवा’ एवढं जाऊ शकतं. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात ठरावीक शक्तीपर्यंत त्यासाठी परवानाही लागत नाही.

उंचावरचं यंत्र लांबवर ऐकू शकतं; पन्हाळा आणि जोतिबाचा डोंगर ही उंच ठाणी आपल्याला आयती मिळाली आहेत. पुरात धावून जाणारी तालीम मंडळं आहेत, अभियांत्रिकीचे विद्यार्थी आहेत. ग्रामपंचायतींनी त्यांना हाताशी धरून पावसाळ्याआधी यंत्रं बसवावीत आणि दर महिन्याला चाचणी घ्यावी. पाणी चढू लागल्यावर जाळं विणता येत नाही.