गुप्तधनाचा अर्ज आणि सरकारचे उत्तर

‘गावच्या गायरानात पूर्वजांनी पुरलेले धन आहे, ते उकरून काढण्याची परवानगी मिळावी’, असा अर्ज घेऊन कोणी कचेरीत गेला, तर त्याचे स्वागत बहुधा हास्याने होते. अर्जावर शिक्का बसतो, तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो आणि अखेर एखाद्या फायलीत विसावतो. हे हसणे अप्रस्तुत आहे, असे मला वाटते. रात्री कुदळ घेऊन निघण्याऐवजी जो दिवसा कागद घेऊन सरकारपुढे उभा राहतो, त्याने कायद्याचा मान राखलेला असतो. त्याची मागणी मान्य करावी असे मात्र मी म्हणत नाही. ती नाकारलीच पाहिजे. परंतु ती कशी आणि कोणत्या कारणाने नाकारावी, हा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे.

धाराशिव जिल्ह्यात गुप्तधनाची समजूत अगदीच निराधार नाही. आमचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णन ‘पेरिप्लस’ पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असलेल्या या नगराचा उल्लेख करते. येथून साधे कापड व मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जात असे. परंडा आणि नळदुर्ग या किल्ल्यांनी अनेक राजवटी पाहिल्या. ज्या काळी सामान्य माणसाला विश्वासाची पेढी नव्हती आणि लष्कराची वाट गावावरून जात होती, त्या काळी जमीन हीच तिजोरी होती. अर्थशास्त्राच्या भाषेत ती बचतच, पण व्यवहारातून उठलेली. पुरणारा मेला, परागंदा झाला किंवा खूण विसरला, की ती बचत मातीची झाली. तेव्हा जमिनीत कोठे तरी काही तरी असेल, हे खरे. परंतु ‘कोठे तरी’ आणि ‘याच झाडाखाली’ यांतील अंतर अर्जदाराच्या लक्षात येत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. इंग्रजी अमदानीत १८७८ साली झालेला भारतीय निखात निधी कायदा धन सापडल्यानंतरचा विचार करतो. दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास त्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यास द्यावी आणि ते सरकारी कोषागारात ठेवावे किंवा तसा जामीन द्यावा. त्यानंतर दावेदारांसाठी जाहीर सूचना निघते. कोणी मालक पुढे आला नाही आणि जागेच्या मालकानेही हक्क सांगितला नाही, तर धन सापडणाऱ्याचे. जागेचा मालक पुढे आला, तर साधारणतः तीन हिस्से सापडणाऱ्याचे आणि चौथा जागेच्या मालकाचा. खबर लपविणाऱ्याचा हिस्सा सरकारजमा होतो आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

परंतु हे सारे अवचित सापडलेल्या धनाविषयी झाले. शोधण्यासाठी सरकारी जमीन खोदणे ही गोष्ट निराळी. गायरानातला मुरूम काढायलासुद्धा महसूल खात्याची परवानगी लागते. संरक्षित स्मारकाच्या क्षेत्रात १९५८ च्या कायद्यानुसार पुरातत्त्व अधिकारी किंवा परवानाधारक यांच्याखेरीज कोणालाही उत्खनन करता येत नाही. क्षेत्र संरक्षित नसले, तरी पुरातत्त्वीय उत्खनन करण्यापूर्वी किंवा त्याला मुभा देण्यापूर्वी राज्य सरकारने केंद्राची संमती घ्यावी, असे तोच कायदा सांगतो.

या नकाराचे कारण तेरला जाऊन पाहावे. तेथील व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या मातीतून वर येणारे मणी, नाणी, मृण्मूर्ती वर्षानुवर्षे जमवल्या. त्यांच्या नावाचे सरकारी संग्रहालय आज तेथे उभे आहे आणि तेथील हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहण्यास जाणकार दुरून येतात. ज्या थरात वस्तू सापडते, तो थर तिचा काळ सांगतो. शेजारचे खापर, राख, वीट हे तिचे साक्षीदार असतात. यंत्राचा एक फावडा या साक्षीदारांना कायमचे मुके करतो. हाती येते ते केवळ धातूचे वजन.

हा मोह अडाण्यांनाच होतो असे समजू नये. १९७६ साली, आणीबाणीच्या काळात, खुद्द सरकारने जयपूरजवळच्या जयगड किल्ल्यात खजिन्यासाठी शोधमोहीम चालविली. तो दंतकथेतला खजिना काही निघाला नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये उत्तर प्रदेशातील उन्नाव जिल्ह्यात एका साधूच्या स्वप्नानंतर दौंडिया खेडा येथे पुरातत्त्व खात्याने खोदकाम आरंभले. स्वप्न होते १००० टन सोन्याचे. त्या वेळी भारतीय रिझर्व्ह बँकेकडचे सोने सुमारे ५५८ टन होते. निघाली ती खापरे आणि किरकोळ जुन्या वस्तू. जेथे सरकार स्वप्नावर कुदळ चालविते, तेथे शेतकऱ्याला अंधश्रद्धेचा दोष कोणत्या तोंडाने द्यावा?

तथापि खरा धोका अर्ज फायलीत पडून राहिल्यावर सुरू होतो. उत्तर न मिळालेला माणूस मांत्रिकाकडे वळतो. या व्यवहाराचे अर्थशास्त्र सरळ आहे: धन निघो वा न निघो, मांत्रिकाची दक्षिणा आगाऊ असते, जोखीम सारी कर्जात बुडालेल्या यजमानाची. १९७२ ते १९७४ या काळात परभणी जिल्ह्यातील मानवत येथे बालिका व स्त्रियांच्या हत्या झाल्या. त्यामागे गुप्तधनाचा आणि संततीप्राप्तीचा हव्यास असल्याचे तपासात पुढे आले. ती आठवण मराठवाड्याच्या मनातून पुसलेली नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुप्तधनाच्या शोधासाठी केलेले अघोरी कृत्य गुन्हा ठरविले. त्याच कलमात गुप्तधनाशेजारी जलस्रोताचाही उल्लेख आहे. आमच्यासारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात हे शेजारपण अर्थपूर्ण आहे. ज्याची विंधनविहीर कोरडी गेली, तोच पुढे सोन्याची स्वप्ने पाहू लागतो.

दुसरा दोष मोबदल्याचा. १८७८ च्या कायद्यानुसार सरकारने धन ठेवून घ्यायचे ठरविले, तर धातू इत्यादी साहित्याची किंमत आणि तिचा एक-पंचमांश एवढी रक्कम मिळते. म्हणजे दुर्मीळ नाण्याच्या इतिहासाला मोल नाही! मग महिनोन्‌महिने कचेरीचे उंबरठे झिजविण्यापेक्षा सोनाराची मूस जवळची वाटली, तर नवल ते काय? २०२२ साली पिंपरी-चिंचवडजवळच्या चिखली येथे खोदकामात मजुरांना मिळालेल्या २१६ सुवर्णमुद्रा लपविल्या गेल्या आणि पुढे पोलिसांनी हस्तगत केल्या. ब्रिटनमध्ये १९९६ च्या कायद्याखाली एक स्वतंत्र समिती अशा धनाची बाजारभावाने किंमत ठरविते. २००९ साली स्टॅफर्डशायरमध्ये सापडलेल्या सोन्याच्या ठेव्याचे ३२ लाख ८५ हजार पौंड सापडणारा आणि जमीनमालक यांनी वाटून घेतले, आणि ठेवा संग्रहालयात शाबूत राहिला. प्रामाणिकपणा परवडणारा असावा लागतो, हे त्या देशाने ओळखले.

तेव्हा तीन गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. परवानगीच्या अर्जाला ठरावीक मुदतीत, सोप्या मराठीत, कारणासह नकार द्यावा आणि मांत्रिकांविरुद्धचा कायदा त्याच पत्रात कळवावा. अवचित सापडलेल्या वस्तूची खबर तालुक्याच्या ठिकाणी घेण्याची, पोच देण्याची आणि बाजारभावाने मोबदला ठरविण्याची सोय करावी. तेरचे संग्रहालय हे त्याचे स्वाभाविक केंद्र ठरेल. आणि शाळा-महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांना पांढरीचे थर प्रत्यक्ष दाखवावेत.

राहता राहिला अर्जदार. १९७२ च्या दुष्काळात याच मराठवाड्याने सरकारी कामांवर माती खणून दिवस काढले. त्या खोदण्याला रोजचा दाम होता आणि त्यातून तलाव व रस्ते उभे राहिले. आज गायरानाकडे बोट दाखविणाऱ्या माणसाला विहिरीचे पाणी, पिकाचा भाव आणि वेळेवर पतपुरवठा मिळाला, तर त्याचा अर्ज पुन्हा येणार नाही. तोवर त्याला हसून वाटेला लावण्याचा अधिकार कोणत्याही कचेरीला नाही.