दान कुणी टाकलं?

फोनमधल्या फाशावर तुमचा अजिबात विश्वास नसेल, तर माझं तुमच्याशी भांडण आहे. आणि तो विश्वास आंधळा असेल, तर त्याहून मोठं भांडण आहे. दोन्ही इथेच उरकून घेते.

अमेरिकेतल्या मराठी घरांत फासे पुन्हा आले आहेत, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. मुलं शाळेतल्या मित्रांबरोबर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात. १९७४ साली विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या गावातून निघालेला हा खेळ चार, आठ, बारा, वीस बाजूंच्या फाशांवर चालतो. मोठी माणसं 'कटान' मांडून बसतात. रविवारी सकाळी साताऱ्याच्या आजीबरोबर व्हिडिओ कॉलवर सापशिडी होते. आणि या सगळ्यांत खरा फासा हळूहळू मागे पडून त्याच्या जागी अ‍ॅप आलं आहे. बटण दाबायचं, पडद्यावर एक ठोकळा गडगडतो, आकडा दिसतो, खेळ पुढे.

यावर सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार अशी: "हे अ‍ॅप मला सहा देतच नाही. खऱ्या फाशाची सर याला नाही." ही तक्रार चुकीची आहे. मी पोस्टडॉक आहे, संगणकावर रेणूंच्या हालचालींची नक्कल करते, आणि त्या कामात एका दिवसात कोट्यवधी आभासी दानं पडतात. या पद्धतीचं नावच मोनाकोतल्या जुगाराच्या अड्ड्यावरून 'माँटे कार्लो' असं पडलं आहे. तेव्हा थोड्या अधिकाराने सांगते: नीट लिहिलेला आभासी फासा तुमच्या खोक्यातल्या प्लॅस्टिकच्या फाशापेक्षा जास्त सरळ असतो. स्वस्त फाशाच्या पोटात हवेचे बुडबुडे असतात, घासूनपुसून त्याचे कोपरे कमीजास्त गोल झालेले असतात. म्हणून तर कॅसिनोत पारदर्शक, धारदार कडांचे फासे वापरतात आणि त्यांवरचे ठिपकेही तेवढ्याच घनतेच्या पदार्थाने भरतात. उलट, मात्सुमोतो आणि निशिमुरा या जपानी गणितज्ञांनी १९९७ साली तयार केलेली 'मर्सेन ट्विस्टर' ही पद्धत घ्या. तिचे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू होण्याआधी किती दानं टाकावी लागतील, ती संख्या लिहायची तर ६,००२ अंक लागतात. तुमची सापशिडी त्याआधी संपेल.

राहिला प्रश्न सहा न येण्याचा. खऱ्याखुऱ्या सरळ फाशाच्या दहा दानांत एकदाही सहा न येण्याची शक्यता सुमारे १६ टक्के असते. म्हणजे सहा जण खेळत असतील, तर पहिल्या दहा दानांत सरासरीने त्यांतल्या एकावर ही वेळ येते. आपल्याला ते अन्यायासारखं वाटतं, कारण आलेले सहा आपण विसरतो आणि न आलेले मोजत बसतो.

या तक्रारींना कंटाळून एका अमेरिकन माणसाने काय केलं ते ऐका. 'गेम्सबायईमेल' या नावाने तो ईमेलवरून खेळायचे पटावरचे खेळ चालवायचा. संगणकाचे आकडे रँडम नाहीत, असं खेळाडू त्याला सतत कळवत. शेवटी त्याने माणसाहून उंच यंत्र बांधलं. त्यात खरे फासे पट्ट्यावरून वर जातात, खाली घरंगळतात, कॅमेरा त्यांचे फोटो काढतो आणि संगणक ठिपके मोजतो. दिवसाला तेरा लाखांहून अधिक दानं पाडायची त्याची क्षमता. गणिताच्या दृष्टीने या खटाटोपाची काही गरज नव्हती. पण लोकांना नेमकं काय हवं होतं, हे त्या माणसाला बरोबर कळलं होतं. त्यांना फासा पडताना पाहायचा होता.

इथून माझं दुसरं भांडण सुरू होतं, आणि ते अ‍ॅपवर निर्धास्त विसंबणाऱ्यांशी आहे.

फासा दोन कामं करतो. एक, आकडा देतो. दोन, तो आकडा सर्वांना मान्य करायला लावतो. अ‍ॅप पहिलं काम उत्तम करतं. दुसरं काम त्याच्याकडून होतंच असं नाही, आणि आपण ते तपासतही नाही. आपल्या सारीपाटाच्या, पंचविशीच्या परंपरेकडे पाहा. कवड्या काही सरळ नसतात. कवडी उपडी पडण्याची आणि उताणी पडण्याची शक्यता सारखी नसते, प्रत्येक कवडीगणिक ती बदलते. तरी पिढ्यान्‌पिढ्या कवड्यांवर डाव रंगले, कारण सगळ्यांना त्याच कवड्या, त्याच पटावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत टाकायच्या होत्या. मनासारखं दान पडलं तर पौ बारा. नाही पडलं, तर चरफडत का होईना, सोंगटी घरी परत. खंडोबाच्या एका प्रचलित कथेत देवच म्हाळसेबरोबर सारीपाटात हरतो आणि पणाप्रमाणे घर सोडून बाणाईच्या वाड्यावर चाकरीला राहतो. हरलेलं दान देवानेही नाकारलं नाही.

आता उलट उदाहरण. शकुनीचे फासे म्हटलं की आपल्याला मंतरलेली हाडं आठवतात. ती गोष्ट लोककथेतली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत ती नाही. तिथे आहे ते याहून साधं आणि याहून गंभीर. पण दुर्योधन लावणार आणि त्याच्या वतीने फासे मामा टाकणार, असं सभेत जाहीर होतं. एकासाठी दुसऱ्याने खेळणं आपल्याला रास्त वाटत नाही, असा आक्षेप युधिष्ठिर तिथल्या तिथे घेतो. आणि तरी खेळायला बसतो. द्यूताची पुढची सगळी कहाणी आपल्याला पाठ आहे, पण ती कुठे बिघडली ते आपण विसरलो: ज्याचं दान, त्याने ते टाकलं नाही, आणि हे खटकूनही कुणी डाव थांबवला नाही.

तुमच्या फोनमधला फासा हा असाच तुमच्या वतीने दान टाकणारा मामा आहे. बहुतेक मामा प्रेमळ असतात, हे मान्य. पण सगळेच नसतात, आणि आयोवातला मामा हा दंतकथेतला नाही.

अमेरिकेतल्या अनेक राज्यांच्या लॉटऱ्या चालवणाऱ्या 'मल्टी-स्टेट लॉटरी असोसिएशन'चा माहिती-सुरक्षा संचालक एडी टिप्टन याच्याकडे आकडे काढणाऱ्या संगणकाच्या प्रोग्रॅमचं काम होतं. त्याने त्यात काही ओळी घुसडल्या. वर्षातल्या ठरावीक तीन तारखांपैकी एखादी बुधवारी किंवा शनिवारी आली, आणि रात्रीचे आठ वाजून गेले असले, तर त्या सोडतीचे आकडे त्याला आधीच काढता येत. उरलेलं वर्षभर ते यंत्र अगदी नेकीने चालायचं. अशी लबाडी आकड्यांच्या नेहमीच्या चाचण्यांत सापडावी तरी कशी? २९ डिसेंबर २०१० च्या 'हॉट लॉटो' सोडतीचं कोट्यवधी डॉलरचं तिकीट मालकाने स्वतःचं नाव लपवून वटवायचा प्रयत्न केला, तिथे संशय आला. २०१७ मध्ये टिप्टनने गुन्हा कबूल केला आणि त्याला २५ वर्षांपर्यंतची शिक्षा झाली.

यावर तुम्ही म्हणाल, मग खरी चिठ्ठी, खरं भांडं, हेच बरं. तसंही नाही. १ डिसेंबर १९६९ रोजी व्हिएतनाम युद्धासाठी तरुणांच्या सक्तीच्या भरतीची सोडत वॉशिंग्टनमध्ये काढली गेली. ३६६ जन्मतारखा निळ्या कुप्यांत घालून काचेच्या भांड्यातून एकेक काढल्या. सगळा देश टीव्हीवर पाहत होता. पण कुप्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या होत्या आणि नीट ढवळल्या नव्हत्या. त्यामुळे वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्यांच्या वाट्याला लवकर बोलावणं येणारे क्रमांक जास्त आले. फासा खरा होता, पण वाकडा होता. मात्र सोडत उघड्यावर झाली होती आणि ३६६ तारखांची यादी प्रत्येकाच्या हातात होती. काही आठवड्यांतच संख्याशास्त्रज्ञांनी तो वाकडेपणा दाखवून दिला, आणि १९७० ची सोडत वेगळ्या रीतीने, तारखा आणि क्रमांक दोन स्वतंत्र पिंपांतून काढून झाली. उघड्यावर टाकलेला वाकडा फासा सुधारता येतो. बंद खोलीतला सरळ फासा सरळ आहे हे तुम्हाला कुणीतरी सांगावं लागतं.

तुम्हाला वाटेल, मुलांच्या खेळावरून मी कुठे चालले. पण आपल्यातल्या किती जणांचं आयुष्य एका आभासी फाशाच्या दानावर ठरलंय, ते आठवून पाहा. एच-१बी ची सोडत म्हणजे दुसरं काय? मी विद्यापीठात असल्यामुळे तिच्या मर्यादेबाहेर राहिले. माझ्या बरोबरीच्या कित्येकांना मार्चअखेर वकिलाच्या ईमेलची वाट पाहत बसावं लागलं. मार्च २०२३ मध्ये ८५,००० जागांसाठी ७,८०,८८४ नोंदण्या झाल्या. त्या सोडतीत लबाडी होते असं मी मुळीच म्हणत नाही. मला दाखवायचंय ते वेगळंच. त्या वर्षी पात्र नोंदण्यांपैकी निम्म्याहून अधिक नोंदण्या अशा लोकांच्या होत्या, ज्यांच्यासाठी एकाहून जास्त अर्ज आले होते. म्हणजे फासा सरळ, पण काहींच्या हातात एकच दान आणि काहींच्या हातात अनेक. हे कळलं कशामुळे? इमिग्रेशन खात्याने आकडे प्रसिद्ध केले म्हणून. पुढच्या वर्षी निवड अर्जागणिक न होता माणसागणिक झाली, आणि पात्र नोंदण्या ४,७०,३४२ वर आल्या. आकडे कपाटात राहिले असते, तर ज्याचं नाव लागलं नाही तो नशिबालाच बोल लावत राहिला असता.

आकडा पडद्यावर आला की तो नशिबाचा, ही सवय मुलांना टेबलावरच लागते. फोन बघून एक जण "अठरा" म्हणतो आणि बाकीचे मान डोलावतात. कुणी "दाखव" म्हणत नाही. कदाचित तो आधी पाच आला म्हणून त्याने बटण दुसऱ्यांदा दाबलेलं असतं. खरा फासा टेबलाखाली गेला तर केवढा गदारोळ होतो! ते दान धरायचं की पुन्हा टाकायचं, यावर दहा वर्षांची पोरं वकिलासारखी भांडतात आणि नियम ठरवतात. हे भांडण वाया गेलेला वेळ नाही. न्याय कसा करतात, हे ती त्यातून शिकत असतात.

दोन आक्षेपांना उत्तर देते. पहिला: डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये खेळ चालवणारा स्वतःची दानं पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकतोच की. हो, पण ती मुभा सगळ्यांनी बसण्याआधी मान्य केलेली असते, आणि टाकणारा समोर बसलेला असतो. दुसरा: ज्यांचे हात थरथरतात, ज्यांना ठिपके दिसत नाहीत, त्यांचं काय? त्यांच्यासाठी आकडा मोठ्याने वाचणारं अ‍ॅप ही मोठीच सोय आहे. त्यांनी ते जरूर वापरावं, आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवून.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे. एका टेबलाशी बसला असाल, तर खरा फासा टाका. शेजारच्याने तो वाचावा. लांबून खेळत असाल, तर असा आभासी पट निवडा ज्यावर दान सगळ्यांच्या पडद्यावर एकाच वेळी पडतं आणि मागची सगळी दानं नोंदलेली राहतात. रोल२० सारख्या ठिकाणी २०१२ पासून ही सोय आहे. एकट्याच्या फोनवरचं दान धरायचं नाही, असा नियम घरात लावा.

आणि आजीकडे असं काहीच नसेल, तर कागद-पेन्सिल पुरे. आजी आणि नातू, दोघांनी १ ते ६ मधला एकेक आकडा लपवून लिहायचा. दोघांनी "लिहिलं" म्हणून पेन्सिल खाली ठेवली, की मगच कागद कॅमेऱ्यासमोर धरायचे. बेरीज करायची, ती सहाच्या वर गेली तर सहा वजा करायचे. आजीचे ४, नातवाचे ५, बेरीज ९, दान पडलं ३. आपला आकडा कितीही विचार करून लिहिला, तरी समोरच्याचा ठाऊक नसल्यामुळे हवं ते दान एकट्याला पाडता येत नाही. एकमेकांवर विश्वास नसलेल्या दोन माणसांनी फोनवरून नाणेफेक कशी करावी, हा प्रश्न बर्कलीच्या मॅन्युएल ब्लम यांनी १९८१ साली गणिताने सोडवला, त्याचंच हे घरगुती रूप. यात कंपनी नाही, सर्व्हर नाही, मामा नाही. दान दोघांनी मिळून टाकलेलं असतं.

आजी नातवाला जिंकू द्यायचा प्रयत्न करील, ते मात्र या युक्तीने तिला जमणार नाही. नातवाला ते एकदा कळलं, की त्याच्या जिंकण्याला काहीतरी अर्थ येईल.