परसातील कोंबड्या आणि मोकळी सोडलेली कुत्री : धाराशिव जिल्ह्यातील ग्रामस्थांना जाहीर आवाहन

परसातील कोंबडीपालन हा धाराशिव जिल्ह्यातील कोरडवाहू गावांचा जुना जोडधंदा आहे. भूम, परंडा, वाशी, कळंबपासून तुळजापूर, लोहारा, उमरग्यापर्यंत पाऊस बेभरवशाचा. अशा भागात दाराशी चरणाऱ्या आठ-दहा कोंबड्या म्हणजे घरातल्या बाईच्या हातातला हक्काचा पैसा. गावठी कोंबडी वर्षाला साधारण 60 ते 70 अंडी देते. वनराज, गिरिराज या सुधारित जाती त्याहून अधिक देतात. आखाडात गावरान कोंबडीला बाजारात चांगली मागणी असते. 2019 च्या विसाव्या पशुगणनेत देशातील परसातल्या पक्ष्यांची संख्या सुमारे 31.7 कोटी नोंदली गेली. 2012 च्या तुलनेत ही वाढ जवळपास 46 टक्के होती. शेजारची मोकळी कुत्री खुराड्यात शिरली, की ही जमवाजमव एका पहाटेत संपते.

कोंबडी फडफडत पळाली की कुत्र्याची पाठलागाची उपजत वृत्ती जागी होते. त्यामुळे पोट भरलेले कुत्रेही एकामागून एक कोंबड्या मारते आणि न खाता टाकून देते. दोन-तीन कुत्री एकत्र आली तर नुकसान वाढते. अंगणभर पिसे, जागोजागी पडलेल्या अखंड कोंबड्या, जाळीखाली उकरलेली माती आणि नखांचे ठसे उमटलेली पावले ही कुत्र्याच्या हल्ल्याची लक्षणे होत. मांजर सहसा पिल्लू उचलून नेते, तर मुंगूस अंडी आणि पिल्ले पळवते. दोष कोणाला देण्याआधी या खुणा पाहाव्यात. अंगावर जखम नसताना कोंबड्या मेल्या असतील, तर मानमोडीसारख्या रोगाचा संशय घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

धोक्याच्या वेळा ठरलेल्या आहेत. वस्तीवरची कुत्री रात्री राखणीसाठी सोडतात आणि सकाळी बांधायची राहून जातात. खुरपणी-काढणीच्या दिवसांत माणसे शेतात असतात आणि अंगण सुने पडते. सर्वांत जास्त धोका खुडूक कोंबडीला असतो. पोत्याच्या आडोशाला, जमिनीवरच्या टोपलीत ती 21 दिवस अंड्यांवर बसून राहते. कुत्रे जवळ आले तरी ती लवकर जागा सोडत नाही, आणि तिच्याबरोबर अख्खी वीण जाते. म्हणून खुडूक कोंबडी बंद खोलीत किंवा पक्क्या खुराड्यातच बसवावी. पिल्ले लहान असेपर्यंत डालग्याखाली ठेवावीत आणि डालग्यावर जड दगड ठेवावा.

खुराडे जमिनीपासून दोन फूट उंच असावे. षट्कोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण कुत्र्याच्या दातांना टिकत नाही; त्यासाठी जाड तारेची वेल्डेड जाळी लावावी. कुंपण पाच ते सहा फूट उंच घ्यावे. जाळीचा खालचा दीड फूट भाग बाहेरच्या बाजूला जमिनीवर वळवून त्यावर दगड रचावेत, म्हणजे उकरायला वाव राहत नाही. दाराला वर आणि खाली अशा दोन कड्या असाव्यात. जाळीचा खर्च झेपत नसेल तर येड्या बाभळीच्या काट्यांचे दाट कुंपणही उपयोगी पडते. दिवस मावळण्याआधी कोंबड्या मोजून कोंडाव्यात आणि उजाडल्यावर आजूबाजूला पाहूनच सोडाव्यात.

कुत्रे पाळणाऱ्याची जबाबदारी याहून मोठी आहे. राखणीचे कुत्रे दिवसा बांधावे, त्याला वेळेवर पोटभर खायला आणि पाणी द्यावे. तीन महिन्यांच्या वयापासून रेबीजची लस द्यावी आणि ती पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दरवर्षी चालू ठेवावी. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पाळीव कुत्र्याचे लसीकरण ही मालकाची जबाबदारी आहे. पिल्लू असतानाच कुत्र्याला दोरीला धरून कोंबड्यांत फिरवले, तर बहुतेक कुत्री त्यांना सरावतात. ज्याला मारण्याची चटक लागली, ते मात्र पुन्हा मोकळे सोडू नये. चिकनच्या दुकानदारांनी आतडी आणि पिसे उघड्यावर टाकू नयेत, खड्ड्यात पुरावीत. अशा ढिगांभोवतीच कुत्र्यांचे कळप जमतात.

रागाच्या भरात विष घालणे हा उपाय नाही, तो गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 नुसार प्राण्याला ठार मारणे, विष घालणे किंवा अपंग करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. विषारी घास शेळ्या, मांजरे, मोर यांच्याही तोंडी लागतो. बेवारस कुत्र्यांसाठी ग्रामपंचायतीकडे नसबंदी आणि लसीकरणाची लेखी मागणी करावी. मालक माहीत असेल तर मेलेल्या कोंबड्यांचे फोटो काढावेत, दोन साक्षीदारांसमोर नुकसान लिहून घ्यावे आणि आधी घरी जाऊन बोलावे. तेवढ्याने भागले नाही तर तंटामुक्त समितीसमोर भरपाई ठरवून घ्यावी.

जखमी कोंबडी वेगळी ठेवून तिची पिसे बाजूला करून पाहावीत. दाताचे भोक लहान दिसते, पण आत खोल असते. उपचारासाठी 1962 या क्रमांकावर फोन करावा. मेलेल्या कोंबड्या खाऊ नयेत. चुना टाकून खोल पुराव्यात. कुत्रे माणसाला चावले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुऊन लगेच सरकारी दवाखाना गाठावा.

कुत्रा ज्याचा, नुकसानही त्याचे, ही रीत प्रत्येक गावाने पुढच्या ग्रामसभेत ठराव करून मान्य करावी. कोंबडी पाळणाऱ्याने खुराडे पक्के करावे आणि कुत्रे पाळणाऱ्याने आजपासूनच कुत्रे बांधावे, असे जिल्ह्यातील सर्व ग्रामस्थांना आवाहन आहे.