छोट्या लेथास चक कोणता घ्यावा?

हौसेनें घरीं छोटा लेथ आणणाऱ्या गृहस्थापुढें खरा प्रश्न यंत्राचा नसून पकडीचा असतो. कातावयाची वस्तु ज्यांत घट्ट धरून फिरवितात, तो चक. पकडच सदोष असली, तर हत्याराची धार व हाताचें कौशल्य दोन्हीं व्यर्थ होत.

चकाचे मुख्य प्रकार तीन. पहिला तीन जबड्यांचा. त्याच्या पोटांत नागमोडी नव्हे, तर चकलीप्रमाणें वळत गेलेली खांच असलेली तबकडी असते. चावी फिरवितांच तीनही जबडे एकदम मध्याकडे सरकतात. जणूं एकत्र कुटुंबांत कर्त्याचा शब्द! गोल वा षट्कोनी सळई क्षणांत बसते. परंतु केंद्र बिनचूक साधत नाहीं. साधारण प्रतीच्या चकांत सळई ०.०५ ते ०.१ मिलिमीटर डगमगते.

दुसरा चार जबड्यांचा. येथें प्रत्येक जबड्यास स्वतंत्र स्क्रू असतो. चौकोनी, ओबडधोबड, सर्व कांहीं यांत धरतां येतें. आणि डायल गेज लावून समोरासमोरचे जबडे सैल-घट्ट करीत गेल्यास ०.०१ मिलिमीटरपर्यंत केंद्र साधतें. यास धीर मात्र हवा.

तिसरा कॉलेट चक. लहान व गुळगुळीत सळईस तो चोहोंकडून सारखा आवळतो व व्रण उमटूं देत नाहीं. ईआर-३२ जातीचे कॉलेट सुमारें २० मिलिमीटर जाडीपर्यंतच चालतात.

आतां निवड. पुष्कळ छोट्या लेथांबरोबर तीन जबड्यांचा चक येतोच. त्याच्या डगमगीस कंटाळून त्याच प्रकारचा महाग चक घेण्याची घाई करूं नये. कारण, वस्तु न सोडतां एकाच पकडींत जितकें कातकाम होतें, तितकें परस्परांशीं समकेंद्रच होतें. दोष दिसतो तो वस्तु काढून पुन्हा धरल्यावर. आणि त्यावरील उपाय चार जबड्यांचा चक हाच होय. म्हणून दुसरा खर्च त्यावर करावा, कॉलेट मागाहून.

मोठा चक म्हणजे चांगला चक, हाही भ्रमच. लहान लेथास ८० वा १०० मिलिमीटरचा पुरे. जड चकानें बेअरिंगांवर ताण येतो. खरेदीपूर्वीं स्पिंडलच्या तोंडाचें माप पाहावें. १९४६ सालीं निघालेल्या इंग्लंडच्या मायफर्ड एमएल-७ लेथास चक आट्यांवर बसतो. असा चक उलट फिरवितांना किंवा एकाएकीं थांबवितांना सुटून येण्याचा धोका असतो. कांहीं लेथांस तो बोल्टांनीं आवळतात. तेथें ही भीति नाहीं.

घरांतील मुलें लेथापाशीं येऊं लागलीं, म्हणजे त्यांस पहिला पाठ हाच द्यावा : चावी चकांत असेपर्यंत तिच्यावरील हात काढावयाचा नाहीं. विसरलेली चावी यंत्र सुरू होतांच गोळीसारखी सुटते, आणि समोर कोण उभें आहे हें ती पाहत नाहीं.