डोळे बांधलेलं दार

तुमच्या घरात रोज हलणारी सगळ्यात जड वस्तू कोणती? फ्रिज जड असतो, पण तो हलत नाही. उत्तर आहे गराजचं दार. दोन गाड्यांच्या गराजचं सोळा फुटी दार सहज दीडशे-दोनशे पौंडांचं असतं. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी खरं प्रवेशद्वार तेच असतं. तोरण आणि रांगोळी पुढच्या दाराला, पण सगळा राबता गराजमधून. चपला तिथे, कॉस्टकोचे तांदूळ तिथे, मुलांच्या सायकली तिथे. शाळेच्या बसमधून उतरलेलं पोर कोड दाबून आत येतं, तेही तिथूनच.

हे दार कोणाच्या अंगावर येऊ नये म्हणून त्याला दोन राखणदार दिलेले असतात. आपल्यातले पुष्कळ जण या दोघांची वर्षानुवर्षं चौकशी करत नाहीत आणि काही जण तर त्यांना स्वतःच्या हाताने बांधून ठेवतात. याला मी आळस म्हणणार नाही. घर स्वतः वापरत असाल तर हा बेजबाबदारपणा आहे आणि ते भाड्याने दिलं असेल तर त्याहून वाईट काहीतरी.

आधी हे राखणदार आले कुठून ते पाहू. १९८० च्या दशकात अमेरिकेत आपोआप बंद होणाऱ्या गराजच्या दारांखाली सापडून कित्येक मुलं दगावली. त्यानंतर १९९० मध्ये काँग्रेसने कायदा केला. १ जानेवारी १९९३ पासून बनलेल्या घरगुती गराजच्या प्रत्येक मोटरला दोन स्वतंत्र संरक्षणं असलीच पाहिजेत, असं त्यात ठरलं. पहिलं, खाली येणारं दार कशाला टेकलं तर दोन सेकंदांच्या आत त्याने उलट फिरायला सुरुवात केली पाहिजे. दुसरं, शक्यतो टेकण्याची वेळच येऊ नये. त्यासाठी बहुतेक घरांत दाराच्या दोन्ही बाजूंना, जमिनीपासून सहा इंचांच्या आत, दोन छोटे 'डोळे' बसवलेले असतात. त्यांच्यामधला अदृश्य किरण तुटला की दार बंद व्हायचं थांबतं आणि परत वर जातं. सहा इंच हा आकडा उगाच आलेला नाही. रांगणारं किंवा घसरून पडलेलं मूल त्याच उंचीवर असतं.

आता त्या डोळ्यांचं आपण काय करतो ते बघा. दार अर्ध्यावरून परत जातं, दिवा लुकलुकतो, ऑफिसला उशीर होत असतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं की पाच मिनिटांत उत्तर येतं: "डोळे काढ आणि समोरासमोर चिकटवून टाक, कटकट संपेल." एका घरी मी हा प्रकार पाहिला आहे. प्लॅस्टिकच्या पाइपच्या तुकड्याच्या दोन टोकांना दोन डोळे चिकटपट्टीने बांधून छतापाशी, मोटरच्या शेजारी टांगलेले होते. यजमान ते कौतुकाने दाखवत होते. पुढच्या दाराला त्यांनी कॅमेरा लावला होता, मागच्या दाराला अलार्म.

यातली गंमत लक्षात घ्या. डोळ्याची वायर तुटली तर मोटर साध्या एका दाबाने दार बंद करत नाही. भिंतीवरचं बटण शेवटपर्यंत दाबून धरावं लागतं, म्हणजे निदान एक माणूस दाराकडे बघत उभा राहतो. बनवणाऱ्यांनी बिघाड गृहीत धरला होता. घरमालक यंत्राशी खोटं बोलेल, हे मात्र त्यांनी धरलं नव्हतं. पाइपात बांधलेले डोळे मोटरला सांगत राहतात की दारात कोणी नाही, मग दारात कोणी असो वा नसो. याला आपण जुगाड म्हणतो आणि मिरवतो. मुंबईच्या जुन्या इमारतीत लिफ्टची जाळी उघडी असूनही लिफ्ट चालावी म्हणून खटक्यात काडी खुपसणाऱ्याला आपण अडाणी म्हणतो. मग हे काय वेगळं आहे?

आणि खरा इलाज किती अवघड असतो? बहुतेक वेळा काचेवर धूळ किंवा कोळ्याचं जाळं असतं, नाहीतर केराच्या डब्याचा धक्का लागून डोळा वाकडा झालेला असतो. मऊ कापडाने पुसा, हाताने सरळ करा, त्यावरचा दिवा न लुकलुकता स्थिर लागेपर्यंत हलवा. संध्याकाळचं तिरपं ऊन डोळ्यात जात असेल तर पुठ्ठ्याची नळी लावून सावली करा. चहा उकळेपर्यंत हे काम होतं.

"इतकी वर्षं काही झालं नाही" हा युक्तिवाद मला ठाऊक आहे. माझं पोस्टडॉकचं संशोधन धातूच्या थकव्यावर चालतं, म्हणजे रोज थोडा थोडा ताण घेत राहिलेला धातू एके दिवशी अचानक का तुटतो, यावर. त्या अभ्यासातली पहिली शिकवण हीच, की काही न होणं हा सुरक्षिततेचा पुरावा नसतो. तुटण्याच्या आदल्या दिवशीही वस्तू वरून ठणठणीतच दिसते. दोन संरक्षणं असतात ती याचसाठी, की एक गुपचूप बिघडलं तर दुसरं शिल्लक राहावं. डोळे तुम्ही बांधले आणि उलट फिरण्याची व्यवस्था कधी तपासलीच नाही, तर तुमच्याकडे किती संरक्षणं उरली? एक की शून्य? तुम्हाला सांगता येणार नाही. आणि ते कळायचा क्षण फार महाग असू शकतो.

ते दुसरं संरक्षण बिघडतं तेही आपल्याच हाताने. दाराचं वजन मोटर उचलत नाही, स्प्रिंग उचलते. मोटर फक्त ढकलते. घरगुती दाराची स्प्रिंग साधारण दहा हजार फेऱ्यांसाठी बनवलेली असते. दिवसाला चार फेऱ्या धरल्या तर सात वर्षांच्या आत तिचं आयुष्य संपतं. ती थकली की दार जड होतं. त्यात शिकागो-मिनेसोटाच्या थंडीत ग्रीस घट्ट होतं आणि दार अडखळतं. मग कोणीतरी शिडीवर चढून मोटरवरचा जोराचा स्क्रू फिरवतो. दार चालू होतं, सगळे खूश. पण मोटरला आता सांगितलेलं असतं, की अडथळा लागला तरी थोडं आणखी रेट. रोग स्प्रिंगचा, आणि आपण औषध दिलं ते माणूस चिरडण्याची ताकद वाढवण्याचं.

म्हणून महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं काढा. दार पूर्ण उघडा. दाराच्या मधोमध जमिनीवर दोन बाय चारची फळी आडवी ठेवा आणि दार बंद करा. फळीला टेकताच ते परत वर गेलं पाहिजे. मग फळी काढा, दार खाली येत असताना झाडूचा लांब दांडा डोळ्यांसमोर धरा. ते थांबून परत गेलं पाहिजे. स्वतःचा हात-पाय वापरून ही परीक्षा घेऊ नका. शेवटी दार बंद असतानाच लाल दोरी ओढून ते मोटरपासून सोडवा आणि हाताने अर्ध्यापर्यंत उचला. तिथे ते जवळपास स्थिर राहिलं तर स्प्रिंग ठीक आहे. धाडकन खाली येत असेल तर कारागीर बोलवा. स्प्रिंगला स्वतः हात लावू नका, यूट्यूब काहीही सांगो. तिच्यात साठवलेला ताण हाडं मोडू शकतो.

आता घरमालकांशी थोडं स्पष्ट बोलते. आपल्यापैकी अनेकांनी मोठं घर घेतलं तेव्हा पहिलं घर विकलं नाही, भाड्याने दिलं. भाडेकरूही बहुधा आपलेच, नुकते एच-वनवर आलेले, कडेवर मूल असलेले. दार नीट चालत नाही असं ते कळवतात आणि तुम्ही म्हणता, "बटण दाबून धरा, होतं बंद." फेडरल कायदा मोटर बनवणाऱ्याला बांधतो, तुमच्या गराजमध्ये येऊन फळी ठेवून कोणी पाहणार नाही. म्हणूनच ती जबाबदारी पूर्णपणे तुमची आहे. मोटर १९९३ च्या आधीची असेल, किंवा फळीच्या परीक्षेत नापास होत असेल, तर ती बदला. नवी मोटर बसवून घ्यायला काही शे डॉलर लागतात, बहुतेक ठिकाणी महिन्याच्या भाड्यापेक्षाही कमी. तेवढे खर्चायचे नसतील तर मोटर बंद करा आणि भाडेकरूला हाताने दार उचलू द्या. उलट न फिरणारी मोटर चालू ठेवायचा हक्क तुम्हाला नाही. आणि भाडेकरूंनो, ही तक्रार लेखी करा. परक्या देशात आपल्या माणसाशी वाकडं नको म्हणून गप्प बसू नका.

सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांनाही यातलं काही आपण सांगत नाही. दिवसभर नातवंडं त्यांच्याकडे असतात. भिंतीवरचं बटण मुलांच्या हाताला लागणार नाही अशा, म्हणजे पाच फुटांवरच्या उंचीला का असतं, दार पूर्ण बंद होईपर्यंत तिथून का हलायचं नाही, लाल दोरी कशासाठी आहे, हे त्यांना मराठीत समजावून सांगा. २०१७ च्या उत्तर कॅलिफोर्नियातल्या वणव्यांत वीज गेली आणि काही वृद्धांना गराजचं दारच उघडता आलं नाही. त्यानंतर तिथे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटरला बॅटरी सक्तीची झाली. तुमच्या राज्यात सक्ती नसली तरी वीज सगळीकडेच जाते.

मंडळाच्या गणपतीत विजेच्या माळा तपासायला आपण माणूस नेमतो. त्याच यादीत एक ओळ वाढवा: या महिन्यात किती घरांत फळी ठेवून पाहिली? ज्यांनी डोळे छताला टांगले आहेत त्यांनी याच शनिवारी ते उतरवावेत आणि जमिनीपासून सहा इंचांच्या आत परत लावावेत. ते करायला स्क्रूड्रायव्हर आणि थोडी लाज एवढंच लागतं.